एमआयटी की जीपीएल? पगारावर कोड लिहिणाऱ्याने कुठल्या बाजूला उभं राहावं

रिकामी_ओळ

ओपन सोर्स लायसन्सवरचे, म्हणजे खुला कोड कोणी कुठल्या अटींवर वापरावा यावरचे वाद वाचताना एक गोष्ट मला कायम खटकते. परमिसिव्हवाले (एमआयटी, बीएसडी अशी कमीत कमी अटींची लायसन्स) म्हणतात, वापरणाऱ्याला मोकळीक द्या. कॉपीलेफ्टवाले (जीपीएल आणि तिच्या बहिणी) म्हणतात, ती मोकळीक पुढच्या हातापर्यंत पोचली पाहिजे, म्हणजे बदललेला कोड वाटलात तर तोही त्याच अटींवर खुला द्या. दोघेही बोलतात ते वापरणाऱ्याबद्दल. महिन्याच्या पगारावर तो कोड लिहिणारा माणूस या वादात कुठेच नसतो, आणि इथे लिहिणारे आपण बहुतेक जण तेच काम करतो.

माझं मत आधीच सांगते: नोकरदार प्रोग्रामरच्या हिताचं कॉपीलेफ्टच आहे.

मागच्या नोकरीत आमच्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये सीएसव्ही फाइल वाचायला एमआयटी लायसन्सची एक लायब्ररी (तयार कोडचा संच) होती. अवतरणचिन्हांच्या आत नवी ओळ आली की ती रेकॉर्ड तिथेच तोडायची. पत्त्याच्या रकान्यात हे हमखास व्हायचं. मी पार्सरचा, म्हणजे फाइल वाचून फोड करणाऱ्या कोडचा, तेवढा भाग नव्याने लिहिला, टेस्ट लिहिल्या आणि मूळ प्रकल्पाला पॅच, म्हणजे ही दुरुस्ती, पाठवायची परवानगी मागितली. उत्तर आलं, "लायसन्स तसं करायला सांगत नाही ना? मग कशाला?" पुढे नोकरी बदलली. नव्या ठिकाणी तीच लायब्ररी, तोच बग. उत्तर डोक्यात तयार होतं, पण जुन्या करारातलं गोपनीयतेचं कलमही आठवत होतं. शेवटी ते काम सहकाऱ्याकडे गेलं आणि मी गप्प बसले. मीच सोडवलेला प्रश्न, आणि त्याबद्दल तोंड उघडायची चोरी.

ती लायब्ररी एलजीपीएल (जीपीएलची लायब्ररींसाठीची सौम्य आवृत्ती) असती, तर सॉफ्टवेअर ग्राहकांकडे जात असल्यामुळे बदललेल्या लायब्ररीचा सोर्स (माणसाला वाचता येणारा मूळ कोड) त्यांना द्यावाच लागला असता. मग मूळ प्रकल्पाला पॅच पाठवायला कोणी आडकाठी केली नसती. जीपीएल ज्यांची, त्या जीएनयू प्रकल्पाने कॉपीलेफ्ट म्हणजे काय हे समजावताना हाच मुद्दा मांडला आहे: प्रोग्रामरला आपली सुधारणा सगळ्यांना द्यायची असते, मालकाला ती विकायची असते, पण बंदिस्त करून वाटणं बेकायदा आहे असं सांगितलं की सुधारणा फेकून देण्यापेक्षा मालक सहसा ती खुली करतो.

तुमचे अनुभव आणि मतभेद दोन्ही लिहा.

---

शेवटचा_कमिट

माझा अनुभव बरोबर उलटा आहे.

लायब्ररी एलजीपीएल असती तर तुमच्या कंपनीने ती घेतलीच नसती. लीगल टीमकडे मंजूर लायसन्सची यादी असते. एमआयटी, बीएसडी, अपाची २.० डोळे मिटून पास. जीपीएलला अर्ज करा, कारण द्या, वाट बघा. एजीपीएलला (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडलाही लागू होणारी जीपीएल) सरळ नकार. गूगलने तर एजीपीएल कोड वापरायचा नाही हे आपलं धोरण जाहीरच केलं आहे. म्हणजे कॉपीलेफ्टमध्ये टाकलेला माझा कोड मला स्वतःलाच नोकरीच्या ठिकाणी वापरता येत नाही. एमआयटीमध्ये टाकला की प्रत्येक नव्या नोकरीत तो माझ्यासोबत येतो. मी घरी, माझ्या वेळेत लिहिलेली छोटी हत्यारं अशीच प्रत्येक नोकरीत वापरली आहेत, आणि त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागलेला नाही. कामगाराचा हक्क म्हणायचा तर माझ्या लेखी हाच.

दुसरं, तुमच्या प्रसंगात अडथळा लायसन्सचा नव्हता, साहेबाचा होता. एमआयटीने पॅच पाठवायला मनाई कुठे केली होती?

---

रिकामी_ओळ

मनाई नव्हती, पण मला धरून उभं राहायला काही नव्हतं. "पाठवू दे ना" ही विनंती असते. "ग्राहकांना सोर्स द्यावाच लागेल, नाहीतर लायसन्सचा भंग होतो" हे सांगताना मी कंपनीला वाचवत असते. ज्याच्या हाती अधिकार नाही त्याला हा फरक फार मोठा असतो.

---

जुनी_डिस्क

थोडा इतिहास, कारण या दोन्ही बाजू प्रत्यक्षात घडून गेलेल्या आहेत.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस संगणक बनवणाऱ्या नेक्स्ट कंपनीने जीएनयूच्या जीपीएल लायसन्सच्या जीसीसी कंपायलरला (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेची जोड दिली. त्यांचा बेत असा होता की आपला भाग नुसत्या .ओ, म्हणजे यंत्रभाषेतल्या, फाइल म्हणून द्यायचा आणि जीसीसीशी लिंक वापरणाऱ्याने करून घ्यायचं, म्हणजे सोर्स दाखवायला नको. जीएनयूमागच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने हे चालणार नाही असं कळवलं आणि नेक्स्टला तो सोर्स खुला करावा लागला. तो लिहिणाऱ्या पगारी इंजिनिअरांचं काम आज वाचता येतं ते या एका नकारामुळे.

दुसरं उदाहरण लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचं. त्याच्या फर्मवेअरमध्ये जीपीएल लायसन्सचं लिनक्स आहे हे २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं, सोर्सची मागणी झाली आणि कंपनीने तो दिला. त्यावरूनच २००४ मध्ये राउटरसाठीचं खुलं फर्मवेअर ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. चिपमधले बारकावे माहीत असलेल्या काही लोकांना पुढे त्याच कामावर रोजगार मिळाला.

आता दुसरी बाजू. मिनिक्स ही बीएसडी लायसन्सची ऑपरेटिंग सिस्टिम. इंटेलच्या चिपमधल्या मॅनेजमेंट इंजिनमध्ये (मुख्य प्रोसेसरपासून वेगळा चालणारा छोटा संगणक) तीच चालते हे २०१७ मध्ये उघड झालं आणि तिचे कर्ते अँड्र्यू टॅनेनबाम यांनी इंटेलला खुलं पत्र लिहिलं. इंटेलच्या इंजिनिअरांनी पूर्वी त्यांना तांत्रिक प्रश्न विचारले होते, मेमरी कमी लागावी म्हणून बदलही सुचवले होते. नंतर सगळं सामसूम. आपली सिस्टिम अगणित संगणकांत जाऊन बसली आहे हे त्यांना बातम्यांतून कळलं. त्यांनी तक्रार केली नाही. लायसन्सप्रमाणे कळवायची गरज नव्हती, पण शिष्टाचार म्हणून कळवलं असतं तर बरं वाटलं असतं, एवढंच त्यांचं म्हणणं. मला ते पत्र वाचून वाईट वाटलं होतं आणि अजून वाटतं.

फोनच्या सेटिंगमध्ये कायदेशीर माहितीच्या खाली लायसन्सची एक न संपणारी यादी असते. एकदा सावकाश वाचून पाहा. एमआयटी आणि बीएसडी लिहिणाऱ्याला जे देतात ते तिथे आहे: नाव, वर्ष आणि तीच ती परिच्छेदभर इंग्रजी. फोन बनवणारी कंपनी तेवढं छापून मोकळी होते.

---

सेमीकोलन

प्रश्न बाळबोध वाटेल, पण विचारतो. आमच्या टीमने एका जीपीएल टूलमध्ये बरेच बदल केले आहेत. जीपीएल असल्यामुळे ते बदल मी माझ्या गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) टाकू शकतो ना? लायसन्स तर सगळ्यांना हक्क देतं.

---

फोर्कवाला

नाही. कृपया टाकू नका, नोकरी जाईल आणि कायदाही तुमच्या बाजूने नसेल.

जीपीएलची अट लागू होते ती कोड कंपनीबाहेर गेल्यावर. कंपनीने स्वतःच्या वापरासाठी बदल केले आणि प्रती आतल्या आतच फिरल्या, तर ते वितरण मानलं जात नाही. कर्मचारी ती प्रत कंपनीच्या वतीने हाताळतो, त्याला ती स्वतःसाठी "मिळालेली" नसते. फाउंडेशनच्या प्रश्नोत्तरांत हे स्पष्ट लिहिलं आहे. जीपीएल ३ ने तर पुढे जाऊन सांगितलं की बाहेरच्या कंत्राटदाराला फक्त तुमच्यासाठी काम करायला कोड दिला तरी चालतो, त्याने तो बाहेर न्यायचा नाही अशी अट घालता येते.

आणि रिकामी_ओळ, इथे तुमच्या भूमिकेला मोठं भोक पडतं. तुमचं सॉफ्टवेअर ग्राहकांच्या संगणकावर जात होतं म्हणून एलजीपीएल कामाला आली असती. आज बरेच जण जे लिहितात ते कंपनीच्या सर्व्हरवर चालतं. तिथे जीपीएल गप्प असते. हे भोक बुजवायला २००७ मध्ये जीएनयूची एजीपीएल ३ आली: बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून वापरू दिला तरी सोर्स द्यायचा. पण शेवटचा_कमिट म्हणतात तसं कंपन्या तिला दारातच उभं करत नाहीत.

---

सही_शिक्का

सगळी चर्चा लायसन्सच्या नावावर चालली आहे. मला वाटतं प्रश्न त्याच्या एक पायरी आधीचा आहे: कॉपीराइट कोणाकडे?

लायसन्स देतो तो कॉपीराइटचा मालक. त्या अटी इतरांना बांधतात, मालकाला नाही. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट बहुतेक देशांत मुळातच मालकाकडे जातो. तेव्हा तुम्ही पगारावर लिहिलेला कोड जीपीएलमध्ये आहे की एमआयटीमध्ये, हे ठरवणारे तुम्ही नसताच. उद्या तो बंद करायचा की नाही, हेही तुमच्या हातात नसतं.

सीएलए, म्हणजे बाहेरून कोड देणाऱ्याने प्रकल्पाच्या कंपनीशी करायचा काँट्रिब्युटर करार, याकडे मी या नजरेने बघतो. मोंगोडीबी हा डेटाबेस एजीपीएल होता, यापेक्षा कडक कॉपीलेफ्ट कुठलं? तरी ऑक्टोबर २०१८ मध्ये कंपनीने तो एसएसपीएलवर, म्हणजे स्वतः लिहिलेल्या आणखी कडक लायसन्सवर, नेला, कारण बाहेरच्यांनी दिलेल्या कोडचेही हक्क कराराने तिच्याकडे आले होते. सर्व्हर सांभाळायची हत्यारं बनवणाऱ्या हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये तेच केलं, एमपीएल (सौम्य कॉपीलेफ्ट) सोडून बीएसएल (धंद्यातल्या वापरावर बंधनं घालणारं लायसन्स). इलॅस्टिकसर्च हे शोधयंत्र २०२१ मध्ये अपाचीवरून हललं, रेडिस हा डेटाबेस मार्च २०२४ मध्ये बीएसडीवरून. परमिसिव्ह लायसन्स असेल तर अशा बदलाला सीएलएची सुद्धा फारशी गरज पडत नाही, दार आधीपासून उघडंच असतं. रेडिसला वर्षानुवर्षं कोड देणाऱ्या बाहेरच्या लोकांनी शेवटी वाल्की नावाचा फोर्क (त्याच कोडवरून वेगळा प्रकल्प) काढला आणि काम तिकडे नेलं.

याच्या उलट लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. तिथे सीएलए नाही. २००४ पासून प्रत्येक पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ असते. हा कोड द्यायचा अधिकार मला आहे एवढीच तिची हमी, मालकी कोणाकडे सोपवली जात नाही. त्यातला बराच कोड कंपन्यांचाच आहे, हे खरं. पण मालक इतके आहेत की त्यातली कुठलीही एक कंपनी उठून लायसन्स बदलू शकत नाही.

आणि एकट्या माणसाच्या हातात कॉपीराइट राहिला तर काय होतं, याचं उदाहरण म्हणजे व्हीएलसी हा जीपीएल लायसन्सचा व्हिडिओ प्लेअर. २०१० मध्ये ते आयफोनच्या अ‍ॅप स्टोअरवर आलं. ते लिहिणाऱ्यांपैकी एकाने हरकत घेतली की स्टोअरच्या अटी जीपीएलशी विसंगत आहेत. त्याच्या तक्रारीवरून जानेवारी २०११ मध्ये अ‍ॅपलने अ‍ॅप काढलं. पुढे लायसन्स बदलायचं ठरलं तेव्हा प्रकल्पाला जुन्या कोड लिहिणाऱ्यांना एकेक करून शोधून काढावं लागलं आणि प्रत्येकाची संमती मागावी लागली. त्या एका माणसाशी सहमत असा वा नसा, कोड लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय पान हललं नाही. मला कामगाराची ताकद दिसते ती इथे. त्यासाठी कॉपीलेफ्ट हवं, आणि कॉपीराइट स्वतःकडे हवा. दोन्ही लागतात.

---

शेवटचा_कमिट

हा प्रतिसाद पटला. पण मग जीएनयू प्रकल्प स्वतः काय करत होता? त्यांनीही वर्षानुवर्षं कॉपीराइट लिहून घेतला.

---

सही_शिक्का

बरोबर, फाउंडेशनच्या नावे. जीसीसीने २०२१ मध्ये ती सक्ती काढली. पण त्यांच्या पद्धतीतला एक तपशील आपल्या विषयाला फार जवळचा आहे. तुम्ही कुठे प्रोग्रामर म्हणून नोकरीला असाल तर तुमच्या सहीने भागायचं नाही. या कामावर आमचा दावा नाही, असं तुमच्या मालकाकडूनही लिहून आणावं लागायचं. म्हणजे रात्री घरी बसून ईमॅक्ससाठी (जीएनयूचा एडिटर) लिहिलेलं फंक्शनही मालकाचं ठरू शकतं, हे त्यांनी ओळखलं होतं. आपल्यातले किती जण पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्या ही विनंती) पाठवण्याआधी हा विचार करतात?

---

खिडकीपाशी

मी कामगार चळवळीत वावरणारी आहे, कोड कमी लिहिते. तुमचं सगळं वाचून एक सांगावंसं वाटतं. लायसन्सने पगार मिळत नाही, कामाचे तास कमी होत नाहीत आणि नोकरी टिकत नाही.

ओपनएसएसएल बघा, वेबवरची माहिती कूटबद्ध करणारी लायब्ररी. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड हा त्यातला सुरक्षेचा दोष सापडला तेव्हा जगातल्या वेब सर्व्हरचा मोठा हिस्सा त्यावर उभा होता, आणि देणग्या यायच्या वर्षाला जेमतेम २,००० डॉलर. पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक. म्हणाल, ते बीएसडी पद्धतीचं लायसन्स होतं. मग मेल आणि फाइल कूटबद्ध करणारं जीएनयूपीजी घ्या, ते जीपीएल. १९९७ पासून ते मुख्यतः एकाच माणसाने सांभाळलं, आणि तो पैशाअभावी मेटाकुटीला आल्याची बातमी फेब्रुवारी २०१५ मध्ये आली तेव्हा कुठे मदत धावली.

एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या हत्याराचं प्रकरण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. त्याच्या मेंटेनरने, म्हणजे ते सांभाळणाऱ्याने, २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर लिहिलं होतं की मानसिक आरोग्याच्या अडचणी आहेत आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे. त्याच सुमारास काही खाती त्याच्यावर "काम दुसऱ्याकडे दे" म्हणून दबाव आणत होती. मदतीला आलेल्या 'जिआ टॅन' या नावामागच्या व्यक्तीने विश्वास मिळवला आणि २०२४ च्या सुरुवातीला त्यात चोरदरवाजा बसवला. सर्व्हरच्या लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे एका इंजिनिअरने खोलात जाऊन पाहिलं म्हणून २९ मार्चला ते उघड झालं. थकलेल्या, एकट्या पडलेल्या माणसावर सगळा भार टाकला की असंच होणार. एमआयटी किंवा जीपीएलने त्यात काय फरक पडला असता?

ज्यांनी काही मिळवलं ते एकत्र येऊन. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटच्या कर्मचाऱ्यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये मतदान करून युनियन केली. गूगलच्या मूळ कंपनीत जानेवारी २०२१ मध्ये अल्फाबेट वर्कर्स युनियन उभी राहिली. पगाराची पारदर्शकता, कंत्राटी लोकांना समान वागणूक, हे विषय तिथे बोलले जातात.

---

फोर्कवाला

मग ९९६ डॉट आयसीयूबद्दल काय वाटतं? मार्च २०१९ मध्ये चीनमधल्या प्रोग्रामरांनी गिटहबवर ती रिपॉझिटरी (प्रकल्पाचं भांडार) सुरू केली. सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस, आणि शेवट अतिदक्षता विभागात, असा त्या नावाचा अर्थ. काही दिवसांतच ती गिटहबवर सगळ्यात जास्त स्टार (पसंतीची खूण) मिळालेल्यांत गेली. त्यातूनच अँटी-९९६ लायसन्स आलं: कामगार कायदे पाळणाऱ्यांनीच हा कोड वापरावा. इथे लायसन्स आणि कामगार हक्क एकाच कागदावर आले.

---

जुनी_डिस्क

उद्देशाला माझा मनापासून पाठिंबा, साधनाला नाही. ओपन सोर्सच्या व्याख्येतलं पाचवं आणि सहावं कलम म्हणतं की कुठल्याही व्यक्ती-गटाशी किंवा कामाच्या क्षेत्राशी भेदभाव नको. ही कलमं काढली तर उद्या एखादी कंपनी "युनियनच्या सदस्यांनी वापरू नये" असंही लिहील. शिवाय कायदे मोडले की नाही हे ठरवायचं कोणी? कोर्टात जायचं कोणी, कोणाच्या खर्चाने? कॉपीलेफ्टच्या साध्या अटी पाळायला लावतानाही दमछाक होते. व्हिझिओ या टीव्ही कंपनीवर सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने टीव्हीतल्या कॉपीलेफ्ट कोडचा सोर्स मिळावा म्हणून २०२१ मध्ये दावा लावला. टीव्ही विकत घेणाऱ्यालाच सोर्स मागायचा हक्क आहे, एवढाच मुद्दा पटवायला वर्षं जातात.

लेर्ना या जावास्क्रिप्टच्या हत्याराच्या प्रकल्पाने ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांना बंदी घालणारं कलम आपल्या एमआयटी लायसन्सला जोडलं आणि लगेच मागे घेतलं. अशा कलमांची ताकद तेवढीच असते.

---

खिडकीपाशी

लायसन्स कोर्टात टिकलं नसतं, कबूल. पण ९९६ ची रिपॉझिटरी निव्वळ लायसन्स नव्हती. कुठल्या कंपनीत किती तास राबवतात याची यादी लोकांनी तिथे जमवली. ती काढायचा दबाव येईल असं वाटलं तेव्हा मायक्रोसॉफ्ट आणि गिटहबच्या कर्मचाऱ्यांनी पाठिंब्याचं पत्र काढलं. ऑगस्ट २०२१ मध्ये चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने ९९६ बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं. सगळं श्रेय रिपॉझिटरीला देता येणार नाही, पण हजारो लोकांनी एकत्र येऊन "हे चूक आहे" म्हणण्याचं वजन असतंच.

---

रिकामी_ओळ

इतकं नेमकं वाचायला मिळालं, सगळ्यांचे आभार. सही_शिक्का यांच्या मुद्द्यामुळे माझी मांडणी पुढे सरकते. कॉपीलेफ्टची बाजू मी सोडत नाही. पण कॉपीराइट मालकाकडे असताना माझ्या कोडवर जीपीएलचा शिक्का मारून माझ्या पदरात फार पडत नाही, हे मान्य. तेव्हा माझ्या लेखी क्रम असा: नोकरीच्या करारात स्वतःच्या वेळेतलं काम स्वतःचं राहील हे पाहायचं. ते काम कॉपीलेफ्टमध्ये द्यायचं. सीएलए समोर आला तर तो मालकी किंवा पुन्हा लायसन्स बदलायचा हक्क मागतो का हे वाचायचं, आणि मागत असेल तर सही करायची नाही. आणि करारात असं काही मागायचं तर एकट्याने मागून मिळत नाही, म्हणून खिडकीपाशी यांचं म्हणणं यात येतंच.

कराराबद्दल कोणी प्रत्यक्ष काही केलं असेल तर लिहावं.

---

सही_शिक्का

कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेतलं २८७० वं कलम नमुना म्हणून वाचा. स्वतःच्या वेळेत, मालकाची साधनं न वापरता केलेल्या शोधावर मालक करारानेही हक्क सांगू शकत नाही. अपवाद दोनच: तो मालकाच्या धंद्याशी किंवा चालू वा स्पष्टपणे अपेक्षित संशोधनाशी संबंधित असेल, किंवा मालकासाठी केलेल्या कामातून आला असेल. तुमच्याकडे असा कायदा नसला तरी तीच भाषा करारात मागता येते.

बऱ्याच करारांना 'आधीची कामं' असं परिशिष्ट असतं आणि लोक ते कोरं सोडतात. कोरं सोडू नका. प्रत्येक प्रकल्पाचं नाव, रिपॉझिटरीचा पत्ता, लायसन्स आणि पहिल्या कमिटची (कोडमधल्या बदलाच्या नोंदीची) तारीख लिहा. "यापुढे याच प्रकल्पात स्वतःच्या वेळेत केलेली भर" हेही घाला, नाहीतर रुजू झाल्यानंतरच्या कमिटवरून वाद होतो. कंपनीच्या लॅपटॉपवरून त्या प्रकल्पाला हात लावू नका, टायपो दुरुस्त करायलाही नाही.

---

सेमीकोलन

आमच्या ऑफर लेटरला असं परिशिष्टच नाही. फक्त "नोकरीच्या काळात निर्माण केलेलं सर्व काही कंपनीचं" अशी एक ओळ आहे. मी अजून सही केलेली नाही.

---

सही_शिक्का

मग आजच मेल लिहा. तुमचे प्रकल्प नावानिशी द्या आणि त्या ओळीत "कंपनीच्या कामासाठी" हे शब्द घालायला सांगा. फोनवर "काळजी करू नका, असं कोणी बघत नाही" म्हणाले तर तेच मेलवर लिहून मागा. आणि तुमच्यासोबत रुजू होणाऱ्या इतरांना विचारा, त्यांच्याही पत्रात तीच ओळ असणार. सगळ्यांनी मिळून एकच मेल पाठवलात तर एचआरला उत्तर द्यावंच लागेल.

---

सेमीकोलन

आम्ही पाच जण आहोत. ग्रुपवर टाकतो आहे. मेलचा मसुदा तयार झाला की इथे डकवतो, तपासून द्याल का?

---

खिडकीपाशी

जरूर. कंपनीचं आणि स्वतःचं नाव काढून डकवा.